अकरा भांड्यांचा बँड

ओतूरच्या बाजारपेठेत सुवालालशेठचे भांड्यांचे दुकान आहे. त्या दुकानातले एकोणीस नंबरचे पातेले मी तिथे असेपर्यंत विकले गेले नाही. मागणी नव्हती असे नाही. माझ्यासमोर चार जणांनी ते मागितले. त्यांतल्या एक बाई डिंगोऱ्याहून आल्या होत्या. घरी नातवाचे जावळ होते आणि भातासाठी त्यांना नेमके तेवढेच पातेले हवे होते.

"ते द्यायचं नाय," सुवालालशेठ म्हणाले.

"का? भोक हाये का त्याला?"

"भोक नाय. ते वाजतं."

"वाजू द्या की. मला भात शिजवायचाय."

"ताई, अठरा घ्या, वीस घ्या. एकोणीस गेलं तर माझं खालचं सगळं जाईल."

बाईंनी वीस नंबरचे घेतले. पायरी उतरताना त्यांनी शेजारच्या कापडवाल्याला हळूच विचारले, "शेठचं बरं न्हाई का?"

"बरं आहे," कापडवाला म्हणाला. "गिटार शिकतात."

मी त्या काळात एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. आमचे कार्यालय म्हणजे सुवालालशेठच्या दुकानावरची एक खोली. तिथे मी सात वर्षे काढली. खालून येणाऱ्या आवाजाची तक्रार पहिल्या आठवड्यात केली. नंतर केली नाही, कारण त्या आवाजाचे कारण मला कळले होते आणि कारण कळलेल्या गोष्टीची तक्रार करणे अवघड असते.

सुवालालशेठ अठ्ठावन्न वर्षांचे होते. अंगाने बारीक, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, शर्टाच्या खिशात दोन पेने आणि एक स्क्रू-ड्रायव्हर. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले. शेठ स्वतः ओतूरलाच जन्मले, तिथेच शिकले आणि भांड्यांतच वाढले. कुठलेही भांडे गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ते उलटे धरून बुडावर बोटाच्या पेराने एक टिचकी मारत, कान जवळ नेत आणि "हं" म्हणत. गिऱ्हाइकांना ही मालाची तपासणी वाटे. काही बायका "हं" ऐकल्याशिवाय पैसे काढत नसत. प्रत्यक्षात शेठ त्या भांड्याचा सूर पाहत होते.

गिटार त्यांच्याकडे मोडीत आली. जुनी भांडी घालून नवी नेण्याची पद्धत आहे, त्या जुन्या भांड्यांना मोड म्हणतात. नारायणगावचा एक माणूस पाण्याचे पिंप घ्यायला आला. त्याचा ऑर्केस्ट्रा बंद पडला होता. त्याने मोडीत दोन पितळी तांबे, एक चेपलेली घागर आणि एक बेस गिटार आणली. शेठनी सवयीने सगळे काट्यावर ठेवले. गिटार चार किलो दोनशे ग्रॅम भरली. मग त्यांनी ती बाजूला काढून परत दिली.

"ही लाकडाची. मोडीत धरता येत नाय."

"राहू द्या शेठ. घरात बघवत नाय ती. लटकवून ठेवा कुठंतरी."

शेठनी ती कढयांच्या रांगेत लटकवली. चार महिने ती कढयांबरोबर होती. एके दिवशी दुपारी रस्त्यावरून एक भरलेला ट्रक गेला, त्या हादऱ्याने गिटारीची सर्वांत जाड तार आपोआप घुमली आणि समोरच्या फडताळातले एकोणीस नंबरचे पातेले तिला उत्तर दिल्यासारखे वाजले. शेठनी त्या दिवशी दुकान अर्धा तास आधी बंद केले. त्यांच्या वडिलांच्या निधनानंतर असे पहिल्यांदाच झाले, असे त्यांच्या पत्नी शकुंतलाबाईंनी मला सांगितले.

गिटारीला सहा तारा असतात एवढे शेठना माहीत होते. या गिटारीला चारच होत्या. दोन तुटल्या असाव्यात असे समजून ते वर्षभर त्या दोन तारांची जागा मोकळी सोडून वाजवत राहिले. मग पुण्याच्या एका वाद्यांच्या दुकानात त्यांना सांगण्यात आले की बेसला चारच तारा असतात. शेठना याचे वाईट वाटले नाही. "बरं झालं," ते मला म्हणाले. "थांबायला शिकलो. बेसमध्ये निम्मं काम थांबायचंच असतं."

शिकायचे काय, हा पुढचा प्रश्न होता. ओळखीच्या गाण्यांचा बेस, म्हणजे चालीखाली वाजणारा खोल सूर, शिकता येत नाही असे त्यांचे मत होते. "ओळखीच्या गाण्यात चाल आधी कानात शिरते आणि आतून कडी लावून घेते. बेस बाहेर उभा राहतो." म्हणून त्यांना असे बँड हवे होते, ज्यांची गाणी त्यांनी किंवा ओतुरातल्या कोणीही कधी ऐकलेली नाहीत. असे नवनवे बँड शोधणे हा त्यांचा रोजचा उद्योग झाला. दुपारी एक ते चार बाजारपेठ सुस्त असते. त्या वेळात ते शटर अर्धे ओढून घेत, एक मोठा स्पीकर फडताळांकडे तोंड करून ठेवत, मोबाइलवर परदेशी बँड शोधून लावत आणि स्वतः स्टुलावर भांड्यांकडे पाहत बसत.

गाणे ते ऐकत नसत. भांडी ऐकत असत. प्रत्येक भांडे एका ठरावीक सुराला थरथरते. एकोणीस नंबरचे पातेले सगळ्यांत खालच्या सुराला, तांब्याची कळशी त्याच्या वरच्या, सात नंबरचा टोप त्याच्याही वरच्या, आणि पोळ्यांची परात मधल्या एका सुराला. बेस चांगला असला की ही भांडी एकामागून एक, वेगवेगळ्या फडताळांतून बोलत. किती भांडी बोलली त्यावर शेठ बँडची प्रत ठरवत. बहुतेक बँड दोन-तीन भांड्यांचे निघत. भक्तिगीतांना एखादे झाकण वाजे. "एकच भांडं सारखं वाजत राहिलं तर तो बेस नाय, ती नुसती सवय," असे ते म्हणत.

बँडची परदेशी नावे त्यांना वाचता येत, पण ती लक्षात ठेवणे त्यांना पटत नसे. ते स्वतःची नावे देत. टोपीवाले, पाच भांडी. रडक्या आवाजाची बाई आणि तिचे तिघे, सहा भांडी. बर्फातले, अकरा भांडी. बर्फातले कुठल्या तरी थंड देशातले होते, त्यांच्या व्हिडिओत चौघेही गुडघाभर बर्फात उभे होते आणि त्यांचा बेसवाला कोणाकडेही पाहत नव्हता. अकरा भांड्यांचा दुसरा बँड शेठना कधी मिळाला नाही.

नव्या बँडचा शोध ते गिऱ्हाइकांतूनही घेत. ज्यांची मुले परदेशात, त्यांना हमखास प्रश्न असे. उदापूरच्या एका बाईंचा मुलगा जर्मनीला होता. शेठनी त्यांना तीन वेळा आठवण करून दिली. चौथ्या वेळी त्या उत्तर घेऊन आल्या.

"विचारलं बाई मी त्याला. तो म्हनतो, तिकडं लग्नात बँडच नसतो."

"लग्नातला नाय ताई. नुसता बँड."

"नुसता बँड वाजवून करतात काय मग?"

शेठ पुन्हा भांडी पुसू लागले. शकुंतलाबाई गल्ल्यावरून म्हणाल्या, "यांनाच विचारा. इतरांचे नवरे चोरून काय काय करतात. आमचे चोरून बर्फातले ऐकतात."

पर्युषणाचे आठ दिवस शेठ गिटारीला हात लावत नसत. ऐकत मात्र असत. ऐकायला मनाई कुठे लिहिलेली नाही, हे त्यांनी एका महाराजांना विचारून घेतले होते. महाराजांनी काय समजून परवानगी दिली, हे मला माहीत नाही.

सापडलेला बेस ते कुकरच्या गॅरंटी कार्डाच्या मागे लिहून ठेवत. कार्डे हाताशी असत, जाड असत आणि मागची बाजू कोरी असे. लिहिण्याची पद्धत त्यांची स्वतःची: १९, ७, ७, परात, १९, कळशी. दुसऱ्या कोणाला त्यातून काही कळणे शक्य नव्हते. एका दिवाळीत घाईत त्यांनी लिहिलेले कार्ड कुकरच्या खोक्यात घातले आणि कुकर विकला. कार्डावर बर्फातल्यांचा बेस होता. शोधायला गेले तर तो व्हिडिओही कोणी तरी काढून टाकलेला. कुकर गेला होता घाटघरला.

मला नाणेघाटातल्या पर्यटकांच्या गाड्यांवर बातमी करायची होती, म्हणून आम्ही एकाच एसटीने गेलो. कुकर नेणाऱ्या हौसाबाईंचे घर घाटघरच्या वरच्या आळीत होते. त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवले, पाणी दिले आणि कार्ड मागताच मान हलवली.

"कार्ड न्हाई मिळायचं. तुमीच म्हनला व्हता, जपून ठेवा."

"मागची बाजू तेवढी बघू द्या."

"आदी सांगा, कुकर परत नेनार का?"

"नाय नेत."

"मग बघा. हात नका लावू."

कार्ड देवाच्या फोटोमागे, रेशनकार्डाच्या घडीत होते. हौसाबाईंनी ते दोन्ही हातांनी धरले आणि शेठ वाकून उतरवून घेऊ लागले.

"तसं बरं झालं तुमी लिवून दिलं," हौसाबाई म्हणाल्या. "आमी त्याच्यापरमानंच करतो."

"काय करता?"

"शिट्ट्या. आदी एकोनीस. मग सात. मग परत सात. मग परातीत काढायचं. तांदूळ दुसऱ्यांदा घातला की परत एकोनीस, आन मग कळशीतलं पानी. एकोनीस जरा जास्तच व्हत्यात शेठ, पन भात लई मऊ व्हतो. सासऱ्याला दात न्हाईत, त्याला जमतं."

मी शेठकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. ते पेन थांबवून विचार करत होते.

"सातनंतर लगेच सात घेता, का मधी थांबता?"

"थांबते जरा. वाफ जाऊ देते."

"बरोबर," शेठ म्हणाले आणि दोन सातांच्या मध्ये त्यांनी एक टिंब दिले. परत येताना जुन्नर येईपर्यंत ते गुडघ्यावर बोटांनी तोच बेस वाजवत होते. जुन्नरच्या स्टँडवर म्हणाले, "ते टिंब माझ्याकडून राहिलं व्हतं. बाई अचूक आहे."

जनरेटरचा प्रसंग यानंतरचा. शेठ काही कामाने वारूळवाडीला गेले असताना एका मंगल कार्यालयाच्या भिंतीपलीकडून त्यांना एक बेस ऐकू आला. लग्नाचे आमंत्रण नव्हते, म्हणून ते आत गेले नाहीत. भिंतीला मोबाइल लावून त्यांनी नऊ मिनिटांचे रेकॉर्डिंग केले. तो बेस एकाच सुरावर टिकून होता आणि मधूनमधून किंचित दचकत होता. एकच भांडे वाजत असूनही शेठनी या वेळी आपला नियम बाजूला ठेवला, कारण ते दचकणे कुठल्याच हिशेबात बसत नव्हते. तीन आठवडे त्यांनी तो बसवला. मग कार्यालयात चौकशी करून त्या दिवशी वाजवणाऱ्या बँजो पार्टीचा मालक शोधला. त्याचे नाव विश्वास. वारूळवाडीचा इलेक्ट्रिशियन, लग्नसराईत आणि जयंतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टी चालवणारा, स्वतः कीबोर्डवर. तो दुकानात आला. शेठनी रेकॉर्डिंग लावले.

"हा बँड कुठला?"

विश्वासने डोळे मिटून ऐकले.

"शेठ, ह्यो आमचा जनरेटर हाय."

"कुठल्या गावचे?"

"गावचे नाय. डिझेलचा जनरेटर. आतमधी कचरा आलाय, म्हनून दचकतो."

शेठनी रेकॉर्डिंग पुन्हा एकदा लावले. मग शेठनी विचारले, "दुरुस्त केला का?"

"उद्या करनार हाय."

"करू नका."

त्यांनी त्या बेसचे कार्डही इतर कार्डांत ठेवले. वर लिहिले: जनरेटर, वारूळवाडी. साथीदार नाहीत. चाल प्रामाणिक.

विश्वासच्या पार्टीतला बेसवाला चाकणच्या कंपनीत लागला होता. त्याच्या जागी विश्वासने शेठना बोलावले. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "जो मानूस जनरेटर एवढं मन लावून ऐकतो, तो आमच्यात बसंल."

चार वर्षे शेठ त्या पार्टीत होते. टेम्पोच्या मागच्या बाजूला, पाय खाली सोडून ते बसत. शेजारी त्यांचा स्पीकर, मागच्या वरातीकडे तोंड करून. सूर्यास्ताआधी जेवायचे असल्याने संध्याकाळच्या वराती ते घेत नसत. वर कीबोर्डवर कुठलेही चालू गाणे असो, शेठ खाली टोपीवाल्यांचा किंवा बर्फातल्यांचा बेस त्याच्या मापाने कापून लावत. कोणाला कळत नसे. चार वर्षांत एकाही वऱ्हाडीने बेसबद्दल शब्द काढला नाही. एकदा एका वरबापाने त्यांना टेम्पोचा ड्रायव्हर समजून हळू घ्यायला सांगितले. शेठनी मान डोलावली आणि हळू वाजवले.

विश्वासच्या वराती फार उशिरा पोचतात, अशी जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत ख्याती होती. नाचणाऱ्यांना आवरत नाही, असे सगळे म्हणत. मुलीकडचे त्या अंदाजाने स्वयंपाक लावत.

मग विश्वासने नवा कीबोर्ड घेतला. त्यात डाव्या हाताला बेसचे बटण होते. तो दुकानात आला, उभ्यानेच बोलला.

"शेठ, राग नका धरू. तुमी वाजवता ते लई भारी. पन ऐकू कुनाला येतंय? टेम्पोत जागा नाय. तुमच्या जागी लाइटचा स्टँड बसवायचाय."

शेठनी एक परात पुसून ठेवली. "बघतो," म्हणाले.

त्यानंतर ते पहिल्यांदाच जिना चढून माझ्या खोलीत आले. खुर्चीवर बसले नाहीत. "दुकानात मी वाजवीन हो," ते म्हणाले. "पण शिकलेलं कुठंतरी सोडायला लागतं. माणसांत. नाय तर नवे बँड शोधून करायचं काय? आतल्या आत किती साठवायचं?" मग त्यांनी आपला प्रस्ताव सांगितला. पुढच्या वरातीत, तिसऱ्या गाण्याला ते हात काढून घेतील. विश्वासने बेसचे बटणही दाबायचे नाही. गाणे संपेपर्यंत त्यामुळे कोणालाही काही फरक पडला, तर शेठ पार्टीत राहतील. नाही पडला, तर ते गिटार उचलून पंगतीला न बसता घरी जातील. मी पंच.

"तुमी पेपरवाले. जे घडतं तेवढंच लिहिता," शेठ म्हणाले.

विश्वासलाही हे मान्य होते. "तसं पेपरात दिसत नाय," तो म्हणाला, "पन ठीक हाय."

लग्न आंबेगाव तालुक्यात, घोडेगावजवळच्या एका गावात होते. मुहूर्त साडेबाराचा. सव्वाअकराला वरात मारुतीच्या देवळापासून निघाली. पुढे टेम्पो, त्यामागे नाचणारे, त्यांच्यामागे पांढऱ्या घोडीवर नवरदेव. घोडीचे नाव चांदणी. ती आणि तिचे मालक, ज्यांना सगळे चाचा म्हणत, चार वर्षे विश्वासच्या पार्टीबरोबरच येत असत. अकरा पन्नासला वरात देवळापासून दीडशे पावले आली होती. तिसरे गाणे सुरू झाले. अकरा त्रेपन्नला शेठनी दोन्ही हात गिटारीवरून उचलून गुडघ्यांवर ठेवले.

मी टिपण ठेवत होतो. नवरदेवाचे मामा रुमाल दातांत धरून नाचत होते. ते नाचत राहिले. दोन करवल्या फोटो काढत होत्या. त्या फोटो काढत राहिल्या. वरबाप फोनवर बोलत होते. मी लिहिले: फरक नाही. अर्ध्या मिनिटाने पुन्हा लिहिले: फरक नाही. शेठ एकेक चेहरा पाहत होते, डावीकडून उजवीकडे, आणि मग पुन्हा डावीकडून. विश्वास कीबोर्डवरून वळून त्यांच्याकडे पाहत होता. तो खूश दिसत नव्हता.

अकरा चौपन्नला चांदणीने मान झटकली आणि चालू लागली. गर्दीत चालतात तशी नव्हे, बाजाराला निघालेल्या माणसासारखी. नाचणारे बाजूला झाले. मामा झाले नाहीत, ते ढकलले गेले. घोडी टेम्पोला वळसा घालून पुढे गेली.

"चाचा, धरा की हिला!" नवरदेव ओरडला. चाचा मागे धावत होते. शेठच्या समोरून घोडी, नवरदेव आणि चाचा या क्रमाने गेले.

मी टेम्पो सोडून त्यांच्यामागे धावलो. अकरा अठ्ठावन्नला घोडी मांडवाच्या दारात उभी होती. मुहूर्ताला बत्तीस मिनिटे बाकी होती. मांडवात कोणी तयार नव्हते. विश्वासची वरात दोनच्या आत येत नाही, हे सर्वांना माहीत होते. ओवाळायचे ताट शोधायला दोघी पळाल्या. नवरीचे वडील बनियनवर चहा पीत होते. ते कप घेऊनच बाहेर आले आणि त्यांनी एकट्या नवरदेवाकडे पाहिले.

"बाकीचे कुठंयत पावणं?"

"येतायत," नवरदेव म्हणाला. "नाचतायत."

लग्न वेळेवर लागले. त्या गावात असे पूर्वी कधी घडल्याचे कोणाला आठवत नव्हते. नवरीच्या वडिलांनी घोडीला गुळाची ढेप दिली.

पंगतीआधी टेम्पोमागे निवाडा झाला. चाचांना बोलावले होते.

"ह्यांचा बेस चालू असला की ही उभी ऱ्हाती," चाचा म्हणाले. "कान लावून ऐकती. चार वर्सं मी वडतोय हिला."

"मग कधी बोलला नाय?" विश्वासने विचारले.

"मला वाटलं, वरात हळू जावी म्हनूनच शेठला घेतलंय तुमी."

विश्वास टेम्पोच्या फळीवर बसला. "म्हंजी चार वर्सं सगळ्या वराती शेठमुळं उशिरा?" मग सावरून माझ्याकडे वळला. "पन घोडीला कोन धरायचं का साहेब? अट मानसाची व्हती."

मी टिपण काढून वाचले. अटीत 'कोणालाही' असा शब्द होता, 'माणसाला' असा नव्हता. तरीही एका प्रसंगावरून निष्कर्ष काढणे मला मान्य नव्हते. परतीच्या वरातीत प्रयोग तीन वेळा पुन्हा केला. शेठ वाजवू लागले की चांदणी उभी राही, थांबले की चालू लागे. नवरी घोडीमागच्या जीपमध्ये होती, आणि तिने दोनदा हॉर्न वाजवला. मी निकाल दिला: फरक पडला. शेठ राहतील.

निकाल ऐकताच शेठ उठले. ते चाचांकडे गेले.

"कुठल्या चालीला जास्त थांबते?"

"ते हाय ना, आदी खोल जातं, मग दोनदा वरती टुक टुक, मधी जरा गप? त्येला तर शेपूटसुदिक हलवत नाय."

ते बर्फातले होते. शेठनी खिशातून एक गॅरंटी कार्ड काढले, तिथेच टेम्पोच्या चाकावर टेकवून काही लिहिले आणि परत ठेवले. नंतर दुकानात मी ते पाहिले. कोपऱ्यात लिहिले होते: श्रोते, एक.

त्यानंतर पार्टीची सुपारी देताना एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला. मुलाकडचे म्हणत, "शेठ आहेत ना?" मुलीकडचे म्हणत, "शेठ नकोत." विश्वासने शेवटी तोडगा काढला: निम्म्या वाटेपर्यंत शेठ, पुढे बटण. बेस अजूनही कोणाला ऐकू येत नव्हता. पण दोन्ही तालुक्यांत त्यावरून वाद होऊ लागले होते. शेठ मात्र आता नवे बँड अधिक घाईने शोधत. चाचांच्या अंगणात, सकाळी दुकान उघडण्याआधी, ते एकेक बेस चांदणीला ऐकवत. पुष्कळ बँड तिने नापास केले. टोपीवाल्यांचा बेस लागताच ती चालत निघून गेली. "तिला सवय ओळखू येते," शेठ म्हणाले. शकुंतलाबाईंनी एकदा मला विचारले, "तुम्ही पंच होता ना? मग उद्या घोडीनं बायकोलाच नापास केलं तर निकाल काय, तेही सांगून ठेवा."

माझी पुण्याला बदली झाली. सामान आधीच गेले होते. मी भर दुपारी एसटीत बसलो. स्टँडवरून निघून गाडी नगर-कल्याण रस्त्याला लागली आणि थांबली. पुढे वरात होती. रस्त्याच्या मधोमध पांढरी घोडी उभी होती, तिच्यावर नवरदेव. दोन्ही बाजूंनी वाहने खोळंबली होती. कांद्याचे ट्रॅक्टर, दुधाची गाडी, एक रुग्णालयाची रिकामी व्हॅन. टेम्पोच्या मागे पाय सोडून शेठ बसले होते. डोळे मिटलेले. मला कीबोर्ड आणि ढोल ऐकू येत होता, त्याखाली काही असल्यास ते माझ्यापर्यंत पोचत नव्हते.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. घोडी हलली नाही.

"शेठ वाजवतायत वाटतं," कंडक्टर म्हणाला. तो खाली उतरला, नाचणाऱ्यांतून वाट काढत टेम्पोपाशी गेला आणि शेठच्या कानाशी वाकला. तो परत आल्यावर मी त्याला विचारले, काय सांगितले.

"म्हनलं, शेठ, जरा साधं वाजवा. गाडी जाऊ द्या."

"मग?"

"म्हनले, एवढा फेर पुरा होऊ द्या."

गाडीत पन्नासेक माणसे होती. एक-दोघे खिडकीतून वाकून पाहू लागले. फेर पुरा झाला असावा, कारण शेठनी डोळे उघडले, डावा हात गिटारीवर थोडा खाली सरकवला आणि काही तरी सरळ, एकसुरी वाजवायला घेतले. चांदणीने कान पाडले आणि चार पावले कडेला झाली. बस पुढे गेली. टेम्पोशेजारून जाताना मी खिडकीतून हात केला. शेठनी मला पाहिले नाही. ते मागे, घोडीकडे पाहत होते.

वळणापाशी मी मागच्या काचेतून पाहिले. घोडी पुन्हा रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली होती आणि नवरदेवाने तिच्या मानेवर डोके टेकले होते.